फिलिपिन्सचे दोन स्वातंत्र्यदिन: १२ जून आणि ४ जुलै

फिलिपिन्स कधी स्वतंत्र झाला, हे शोधायला गेलं की कुठे १८९८ सापडतं, कुठे १९४६. दोन्ही बरोबर आहेत. १२ जून १८९८ ला स्वातंत्र्य जाहीर झालं, ४ जुलै १९४६ ला ते हातात पडलं. आपल्याकडे २६ जानेवारी १९३० ला पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा झाली आणि सत्ता आली १५ ऑगस्ट १९४७ ला, साधारण तसंच. पण आपण स्वातंत्र्यदिन म्हणून सत्ता हाती आल्याचा दिवस ठेवला, तर फिलिपिनोंनी १९६२ मध्ये तो बाजूला सारून जाहीरनाम्याचा दिवस उचलला.

आधी १८९८. या बेटांवर स्पेनची सत्ता १५६५ पासून. देशाला नाव मिळालं ते स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्यावरून. (हाच फिलिप पुढे पोर्तुगालच्याही गादीवर बसला, त्यामुळे काही वर्षं मनिला आणि आपला गोवा एकाच राजाच्या नावाखाली होते.) १८९६ मध्ये आंद्रेस बोनिफासिओच्या कातिपुनान या गुप्त संघटनेनं उठाव केला. त्याच वर्षी ३० डिसेंबरला स्पॅनिश सरकारनं सुधारणा मागणारा लेखक होसे रिझाल याला गोळ्या घातल्या. पुढच्या वर्षी बंडखोरांमधल्याच भांडणात बोनिफासिओचा जीव गेला, तोही एमिलिओ अगिनाल्दोच्या गटाकडून. मग डिसेंबर १८९७ मध्ये तह झाला आणि अगिनाल्दो स्पेनकडून पैसे घेऊन हाँगकाँगला निघून गेला. बंड संपल्यासारखंच होतं.

ते पुन्हा पेटलं अमेरिकेमुळे. क्यूबावरून स्पेन आणि अमेरिकेची जुंपली, १ मे १८९८ ला कमोडोर ड्यूईनं मनिलाच्या उपसागरात स्पॅनिश आरमार बुडवलं आणि त्याच महिन्यात अमेरिकी जहाजानंच अगिनाल्दोला मायदेशी आणून सोडलं. ड्यूईकडे आरमार होतं, पण जमिनीवर लढायला पुरेशी माणसं नव्हती. ती अगिनाल्दोकडे होती.

१२ जूनला दुपारी चारनंतर मनिलाजवळच्या काविते प्रांतात, काविट गावी, अगिनाल्दोच्या राहत्या घरी समारंभ झाला. आज त्या घराला जी बाल्कनी दिसते ती नंतर बांधलेली. जाहीरनामा वाचला गेला तो खिडकीतून. झेंडा मार्सेला अगोन्सिलो, तिची मुलगी आणि रिझालची एक भाची यांनी हाँगकाँगमध्ये शिवलेला. बँडनं हुलिआन फेलिपेनं नुकतीच बांधलेली चाल वाजवली. तेच आजचं राष्ट्रगीत, पण त्या दिवशी त्याला शब्दच नव्हते. ते पुढच्या वर्षीच्या एका कवितेतून आले.

हा दिवस निखळ स्वाभिमानाचा आणि ४ जुलै उपकाराचा, अशी मांडणी सर्रास होते. मला ती पटत नाही, आणि त्याचं कारण खुद्द जाहीरनाम्यातच आहे. स्वातंत्र्य जाहीर करतानाच त्यात म्हटलंय की आम्ही बलाढ्य आणि दयाळू अमेरिकी राष्ट्राच्या छत्राखाली हे करतो आहोत. झेंड्यातला निळा, लाल आणि पांढरा रंग अमेरिकेच्या झेंड्यावरून घेतला, तिनं दिलेल्या निःस्वार्थ संरक्षणाबद्दल कृतज्ञता म्हणून, हेही लिहिलंय. सह्या करणाऱ्यांत एक अमेरिकी नागरिकसुद्धा होता. अगिनाल्दोचा सल्लागार अपोलिनारिओ माबिनी हा दोन्ही पाय लुळे पडल्यानं खुर्चीला खिळलेला, पण त्या सगळ्यांत डोक्यानं तल्लख माणूस. त्यानं हे वाचून कपाळाला हात लावला असणार. लोकप्रतिनिधींची संमती नसलेली घोषणा टिकायची नाही, असं त्याचं म्हणणं होतं. त्यामुळे सप्टेंबरमध्ये मालोलोस गावी भरलेल्या काँग्रेसनं, म्हणजे प्रतिनिधी सभेनं, तिला रीतसर मान्यता दिली आणि २३ जानेवारी १८९९ ला प्रजासत्ताक उभं राहिलं.

‘निःस्वार्थ संरक्षण’ किती टिकलं? दोन महिने. १३ ऑगस्टला स्पेन आणि अमेरिकेनं आपसात ठरवून मनिलाची लुटुपुटूची लढाई केली, शहर अमेरिकेच्या हवाली झालं आणि शहराला वेढा घालून बसलेल्या फिलिपिनो सैन्याला आत येऊ दिलं नाही. १० डिसेंबरच्या पॅरिस तहात स्पेननं २ कोटी डॉलर घेऊन ही बेटं अमेरिकेला देऊन टाकली. अगिनाल्दोनं पाठवलेल्या फेलिपे अगोन्सिलोला, म्हणजे झेंडा शिवणाऱ्या मार्सेलाच्या नवऱ्याला, त्या बोलण्यांत बसायलाही मिळालं नाही. ४ फेब्रुवारी १८९९ ला अमेरिकेशी युद्ध सुरू झालं. मार्च १९०१ मध्ये अगिनाल्दो पकडला गेला. लढाई, उपासमार आणि रोगराई मिळून किमान दोन लाख सामान्य माणसं गेली, असा अंदाज दिला जातो. १९०७ मध्ये तो झेंडा फडकवणंच गुन्हा ठरलं. ही बंदी १९१९ पर्यंत होती.

मग अमेरिकेनं ही बेटं का सोडली? फिलिपिनो पुढाऱ्यांनी वॉशिंग्टनला वर्षानुवर्षं खेटे घातले हे खरंच. पण अमेरिकेत १९३४ चा स्वातंत्र्याचा कायदा झाला त्यामागे अमेरिकेतले साखर आणि दूधदुभत्याच्या धंद्यातले लोकही होते, त्यांना बेटांवरून बिनजकात येणारी साखर आणि खोबरेल नको होतं. कॅलिफोर्नियातल्या मजुरांना स्वस्तात राबणारे फिलिपिनो नको होते. त्या कायद्यानं दहा वर्षांच्या संक्रमणानंतर स्वातंत्र्य देऊ केलं आणि त्याच झटक्यात फिलिपिनोंचं स्थलांतर वर्षाला ५० माणसांवर आणून ठेवलं! १९३५ मध्ये मान्युएल केसॉन या संक्रमणकाळातल्या सरकारचा अध्यक्ष झाला. त्या निवडणुकीत त्यानं हरवलेल्या उमेदवारांत अगिनाल्दो होता.

मधे जपान येऊन गेला. १४ ऑक्टोबर १९४३ ला जपाननंही फिलिपिन्सला ‘स्वातंत्र्य’ दिलं होतं, पण ती तारीख कुणी साजरी करत नाही. १९४५ च्या सुरुवातीला मनिला परत घेताना महिनाभराच्या लढाईत सुमारे एक लाख नागरिक मेले.

४ जुलै १९४६ आला तो असा, ढिगाऱ्यांतून. मनिलाच्या लुनेता मैदानावर अमेरिकेचा झेंडा उतरला, फिलिपिन्सचा चढला, मान्युएल रोहास अध्यक्ष. दिवस मुद्दाम अमेरिकेच्याच स्वातंत्र्यदिनाचा निवडलेला. अधिकार कागदोपत्री पूर्ण मिळाले, जगानं मान्यता दिली. १८९८ मध्ये यातलं काहीच मिळालं नव्हतं.

पण सोबत अमेरिकेचा बेल व्यापार कायदा होता, आणि सगळी मेख तिथे होती. पेसो, म्हणजे तिथलं चलन, डॉलरला दोनास एक या दरानं बांधलेला, आणि तो बदलायचा तर अमेरिकेच्या अध्यक्षाची संमती लागणार. फिलिपिन्सच्या राज्यघटनेनं खाणी, जंगलं, वीज-पाणी यांत ६० टक्के मालकी स्वकीयांची असावी असं ठरवलं होतं. अमेरिकी नागरिकांना तिथे बरोबरीचा हक्क द्या, अशी अट आली. म्हणजे घराची चावी हातात दिली, पण परसदारी येण्याजाण्याचा हक्क जुन्या मालकानं राखून ठेवला. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण हा करार होईपर्यंत ५०० डॉलरच्या वरची युद्धनुकसानभरपाई द्यायची नाही, असं अमेरिकेनं दुसऱ्या कायद्यात घालून ठेवलं होतं. घटनादुरुस्तीला तीन चतुर्थांश मतं हवी होती. निवडणुकीतल्या गैरप्रकारांचा ठपका ठेवून विरोधी बाकांवरच्या काही सदस्यांना सभागृहात बसूच दिलं नाही, तेव्हा कुठे ती जमली. पाठोपाठ मार्च १९४७ मध्ये लष्करी तळ ९९ वर्षांसाठी दिले गेले. ते त्याआधीच, १९९१ मध्ये तिथल्या सिनेटनं १२ विरुद्ध ११ मतांनी नवा करार फेटाळला तेव्हा आवरावे लागले.

स्वातंत्र्यदिनाची तारीख बदलली ती तेव्हाचा अध्यक्ष दिओस्दादो माकापागाल यानं. मे १९६२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहानं ७.३ कोटी डॉलरच्या राहिलेल्या भरपाईचं विधेयक फेटाळलं. मनिलात संताप उसळला, माकापागालनं ठरलेला अमेरिका दौरा पुढे ढकलला आणि १२ जून हा स्वातंत्र्यदिन जाहीर केला. विचार त्याच्या डोक्यात जुनाच होता, निमित्त मिळालं. त्या वर्षीच्या समारंभाला ९३ वर्षांचा अगिनाल्दो हजर होता. १९६४ मध्ये त्याचा कायदा झाला. तोवर अगिनाल्दो गेलेला होता. ४ जुलैला आधी ‘प्रजासत्ताक दिन’ म्हटलं गेलं, मग अध्यक्ष फर्डिनांड मार्कोसच्या काळात ‘फिलिपिनो-अमेरिकी मैत्री दिन’.

वाचताना कोणतं वर्ष का आलंय, हे ओळखायचं कसं? फिलिपिनो सरकारचा मजकूर वर्षं मोजतो ती १८९८ पासून, म्हणून १९९८ मध्ये शताब्दी झाली. जगातले देश कधी सार्वभौम झाले याच्या यादीत १९४६ असतं. आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्थापक सदस्यांत १९४५ मध्येच फिलिपिन्सचं नाव दिसलं, तर तीही चूक नाही. त्या यादीत भारतही आहे, तोही स्वतंत्र व्हायच्या आधीच.