महिला आरक्षण: त्या दोन दिवसांच्या मागची लांबलचक गोष्ट

२०२३ मध्ये १९ सप्टेंबरला गणपती बसले, त्याच दिवशी नव्या संसदेत महिला आरक्षणाचं, म्हणजे लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा बायकांना द्यायचं, विधेयक आलं, दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमीला संध्याकाळी लोकसभेत ४५४ विरुद्ध २ ने पास झालं आणि २१ ला, ज्या दिवशी घरोघरी गौरी आल्या त्या रात्री, राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य.

लोकसभेचं मतदान आम्ही कोथरूडला घरी टीव्हीवर बघितलं. थोरली तेव्हा सहा वर्षांची, धाकटा चार. खासदारांना हिरव्या-लाल चिठ्ठ्या दिल्या होत्या, हिरवी म्हणजे हो आणि लाल म्हणजे नाही, त्यामुळे धाकट्याला पण कळत होतं काय चाललंय. थोरलीने विचारलं, आई यात आपलं कोण आहे? तर कोणीच नव्हतं, पुण्याचे खासदार गिरीश बापट मार्चमध्येच वारले होते आणि पोटनिवडणूक झालेली नव्हती, पुण्याची सीट रिकामी. इतकं मोठं मतदान आणि आपल्या मतदारसंघाचं मतच नाही, याचं मला खूप वाईट वाटलं. मग तिला सांगितलं की १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत पुणे दक्षिणमधून इंदिरा मायदेव निवडून गेल्या होत्या. त्यानंतर पुण्याच्या सीटवरून एकही बाई लोकसभेत गेलेली नाही.

पोरांना हे सगळं दोन दिवसांत झालं असं वाटू नये म्हणून मागचं सांगायलाच हवं. हे विधेयक पहिल्यांदा मांडलं गेलं १२ सप्टेंबर १९९६ ला, देवेगौडा पंतप्रधान असताना. ते संयुक्त समितीकडे गेलं, अध्यक्ष होत्या कम्युनिस्ट खासदार गीता मुखर्जी. आपल्याकडच्या समाजवादी नेत्या प्रमिलाताई दंडवतेही हा विषय लावून धरत होत्या. दोघीही हे पास झालेलं बघायला राहिल्या नाहीत. १९९८ ला तर मांडतानाच एका खासदाराने कागद हिसकावले आणि सभागृहात फाडले. मग १९९९ ला परत, २००८ ला परत, ९ मार्च २०१० ला राज्यसभेत १८६ विरुद्ध १ ने पास पण झालं, पण लोकसभेत आलंच नाही आणि २०१४ ला ती लोकसभा विसर्जित झाली तसं तेही गेलं.

अडत कुठे होतं? एक मुद्दा कायम होता, ओबीसी बायकांसाठी आत वेगळा कोटा का नाही. २०२३ ला विरोधात पडलेली दोन मतं एमआयएमची, ओवैसी आणि आपल्या संभाजीनगरचे इम्तियाज जलील, त्यांचं म्हणणं ओबीसी आणि मुस्लिम बायकांना यात जागा नाही. मला हा प्रश्न खरा वाटतो, त्याचं उत्तर अजून द्यायचंय. पण इतकी वर्षं त्याच्या आडून आपापली सीट वाचवणारेही खूप होते, आरक्षण फिरतं असणार म्हणजे आज ना उद्या कोणाची तरी सीट जाणारच.

खाली मात्र हे कधीच सुरू झालं होतं. ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ ला लागू झाली, पंचायती आणि महापालिकांत एक तृतीयांश जागा बायकांना, महाराष्ट्राने २०११ ला ते ५० टक्के केलं. त्यामुळे माझ्या मुलांना वॉर्डातल्या नगरसेविका ताई माहीत आहेत, ड्रेनेज तुंबलं की आजी त्यांनाच फोन लावायची, आणि म्हणूनच टीव्हीवर सगळे काकाच का दिसतायत हे थोरलीला कळेना. २०१९ ला ५४३ पैकी फक्त ७८ बायका निवडून आल्या होत्या.

त्याच गणपतीत दगडूशेठच्या दर्शनाला गेलो तेव्हा समोरचा भिडे वाडा मुलांना मुद्दाम दाखवला. १८४८ ला सावित्रीबाई आणि जोतिरावांनी मुलींची शाळा काढली ती इथे. भिंतींचा चुना पडलेला, खाली दुकानं, गर्दीत कोणी वर मान करून बघत नव्हतं. (डिसेंबरमध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी तो पाडला, मुलांनी मूळ वाडा बघितला याचं मला फार बरं वाटतं.) ह्याच शहरात १९२० ला रमाबाई रानड्यांनी बायकांचा मोर्चा काढला होता, कारण सक्तीचं प्राथमिक शिक्षण आधी फक्त मुलग्यांना द्यायचं चाललं होतं आणि टिळकांच्या बाजूचे लोक मुलींच्या सक्तीला विरोध करत होते. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात बायकांना कौन्सिलसाठी, म्हणजे तेव्हाच्या प्रांतिक कायदेमंडळासाठी, मत मिळालं, तेही मालमत्ता वगैरे अटींत बसणाऱ्यांनाच.

२८ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दिवशी, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मूंची सही झाली, १०६ वी घटनादुरुस्ती. पण कायद्यातच लिहिलं होतं की आधी जनगणना, मग मतदारसंघांची नव्याने आखणी आणि त्यानंतर आरक्षण, तेही सुरुवातीला १५ वर्षांसाठी. थोरलीने विचारलं मग कधीपासून, तेव्हा तिच्यासमोर कागदावर हिशोब मांडला, तिला मत द्यायला २०३५ उजाडणार आणि लोकसभेला उभं राहायचं तर २५ वर्षं पूर्ण लागतात म्हणजे २०४२. तो कागद तिने फ्रीजवर लावला.