ब्लॅक अँड व्हाइट इंकजेट प्रिंटचं स्कॅनरवर प्रोफाइलिंग

स्क्रीनवर दिसणारा करडा आणि इंकजेट प्रिंटरनं कागदावर उतरवलेला करडा सहसा जुळत नाहीत. तो फरक पट्टी-पट्टीनं मोजून दुरुस्त करणं म्हणजे प्रोफाइलिंग. यासाठी खरं यंत्र म्हणजे डेन्सिटोमीटर (छपाईचा गडदपणा मोजणारं) नाहीतर स्पेक्ट्रोफोटोमीटर (रंग मोजणारं), पण जळगाव-धुळ्याकडच्या छोट्या स्टुडिओत ते कुठून येणार, तिथं कागदपत्रं स्कॅन करायला घेतलेला फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेचा स्कॅनर असतो आणि नीट वापरला तर त्याच्यावरही हे काम चांगलं होतं.

चूक सगळ्यात आधी सावल्यांमध्ये दिसते. तापीकाठच्या नांगरलेल्या काळ्या रानाचा फोटो घ्या, स्क्रीनवर ढेकूळ न् ढेकूळ वेगळं दिसतं आणि प्रिंटमध्ये नुसता काळा पट्टा. चाळीसगावला रेल्वे स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांचं घर आहे, तिथं त्यांचं काम जपलंय, काळ्यातला तपशील म्हणजे काय हे ज्याला बघायचंय त्यानं तिथं एकदा जावंच.

पद्धत अशी. कोऱ्या कागदापासून पूर्ण काळ्यापर्यंत, म्हणजे ० ते १०० टक्के, दर ५ टक्क्यांनी एक अशा २१ पट्ट्या छापायच्या आणि शाई दिवसभर वाळू द्यायची. पावसाळ्यात जास्त वेळ लागतो, मे महिन्यात ४५ अंशांत कागद वळतो, म्हणून काचेवर सपाट बसतोय का ते बघायचं, कारण ऑल-इन-वनमधल्या सीआयएस स्कॅनरला (याचा सेन्सर काचेच्या अगदी जवळ असतो) कागद जरा उचललेला असला तरी चालत नाही. स्कॅनर थोडा वेळ चालू ठेवून तापू द्यायचा. ऑटो एक्सपोजर, शार्पनिंग, रंगसुधारणा सगळं बंद, १६ बिट, टिफ फाइल, ३०० डीपीआय पुरे.

आता मुख्य गोष्ट. स्कॅनरला घनता, म्हणजे छपाई नेमकी किती गडद आहे ते, कळत नाही, त्याला फक्त तुलना येते. म्हणून प्रिंटशेजारी घनता माहीत असलेली ग्रे स्केल (पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या करड्या पायऱ्यांची तयार पट्टी) त्याच स्कॅनमध्ये ठेवायलाच हवी, उदाहरणार्थ कोडॅकची क्यू-१३, तिच्यात २० पायऱ्या आणि दर पायरीला ०.१० चा फरक असतो. घनता १.० म्हणजे १० टक्के उजेड परत येतो, २.० म्हणजे १ टक्का. मॅट कागदावर चांगला काळा साधारण १.६-१.७ पर्यंत जातो, ग्लॉसीवर २ च्या वर. इमेजजे या फुकट सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पट्टीच्या मधल्या भागाचा मध्यक घ्यायचा, ग्रे स्केलच्या आकड्यांवरून आलेख काढायचा आणि प्रिंटच्या पट्ट्यांची घनता त्या आलेखावर वाचायची.

गडद पट्ट्यांत स्कॅनर फसवतो. भोवती पांढरा कागद असला की तिथला उजेड आत पसरतो आणि काळा आहे त्यापेक्षा फिका येतो. यावर उपाय म्हणजे काळ्या कागदाला खिडकी कापून ग्रे स्केल आणि प्रिंट दोन्हींवर सारखीच ठेवायची. पट्ट्या निदान सेंटिमीटरभर रुंद हव्यात. पोत असलेला कागद चमकतो, तो ९० अंशांत फिरवून पुन्हा स्कॅन करायचा आणि सरासरी घ्यायची.

मग घनतेवरून एल-स्टार, म्हणजे डोळ्याला जाणवणारा उजळपणा काढायचा. समजा कागद ९६ आणि काळा १६ आला, तर ५० टक्क्यांच्या पट्टीला ५६ यायला हवा. ती ४८ आली आणि ५६ हा आकडा ४२ टक्क्यांवर सापडला, तर ५० च्या जागी ४२ छापायला सांगायचं, झाली एक दुरुस्ती. सगळ्या पट्ट्यांच्या अशा दुरुस्त्यांचा मिळून कर्व्ह, म्हणजे कुठल्या टक्क्याच्या जागी किती छापायचं याचा आलेख बनतो. क्वाडटोन आरआयपी या ब्लॅक अँड व्हाइट छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजमापं दिली की हे आपोआप होतं, आणि करड्याचं आयसीसी प्रोफाइलही (प्रिंट कशी येईल हे इतर सॉफ्टवेअरला सांगणारी फाइल) बनतं.

यातून फक्त टोन सुधारतो, छटा नाही. रंगीत शाया मिसळून बनलेला करडा ट्यूबलाइटखाली एक आणि उन्हात दुसराच दिसतो, तो प्रश्न स्कॅनरच्या आवाक्यातला नाही, त्याला करड्या शायांचा संचच लागतो. कागद किंवा शाई बदलली की पट्ट्या पुन्हा छापायच्या, रिफिलची बाटली वेगळ्या कंपनीची असली तरीसुद्धा.