गणवेश सक्तीचा, पण शिवायचा कोणी?

शाळेत गणवेश असावा की नसावा या वादातल्या दोन्ही बाजू आता पाठ झाल्या आहेत. एक म्हणते, त्याने गरीब-श्रीमंत भेद झाकला जातो. दुसरी म्हणते, पोरांना एका साच्यात कोंबू नका. जिल्हा परिषद आणि महापालिका शाळांचे दुखणे याहून वेगळे आहे. सक्ती करायची तर कपडा सरकारने द्यायला हवा. मग पैसे कोणाच्या हातात द्यायचे, माप कोणी घ्यायचे आणि शिलाई किती धरायची? या तीन प्रश्नांची उत्तरे महाराष्ट्राने गेल्या पंधरा वर्षांत अनेकदा फिरवली आहेत.

गणवेशाची सुरुवात मुळात दानातूनच झाली. लंडनच्या ख्राइस्ट्स हॉस्पिटल या 1552 साली सुरू झालेल्या शाळेत अनाथ आणि गरीब मुलांना लांब निळा कोट मिळे. धर्मादाय शाळेतले मूल दुरून ओळखू येई. श्रीमंतांच्या निवासी शाळांनी गणवेशाला प्रतिष्ठा दिली ती पुढे, एकोणिसाव्या शतकात.

आपल्याकडे पांढरा शर्ट आणि खाकी अर्धी चड्डी ही जोडी वर्षानुवर्षे टिकली, त्यामागे रोकडा हिशेब होता. हे कापड कोणत्याही गावच्या दुकानात ताग्यातून मिळे, खाकीची छटा थोडी इकडेतिकडे झाली तरी खपून जाई आणि थोरल्याची चड्डी धाकट्याला चाले. रंग जितका साधा तितके दुकानदार जास्त. खासगी शाळांनी विशिष्ट चौकडा, पट्ट्यांचा टाय आणि खिशावर विणलेले बोधचिन्ह आणले, तिथे ही सोय संपली. तो चौकडा एकाच दुकानात मिळतो आणि भाव तेच दुकान ठरवते. शाळा अमुकच दुकानातून घ्या असे तोंडाने म्हणाली नाही, तरी कापडाची निवडच ते काम करते.

सरकारी शाळांचे चित्र शिक्षण हक्क कायद्याने बदलले. 2009 चा हा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. शिक्षणात अडथळा ठरेल असा कोणताही खर्च मुलावर पडू नये, हे त्याचे सूत्र. सर्व शिक्षा अभियानातून पहिली ते आठवीच्या सर्व मुली आणि अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालील मुलगे यांना वर्षाला दोन गणवेश ठरले. दर होता गणवेशाला 200 रुपये, म्हणजे दोनांचे 400. पुढे त्याच्या जागी आलेल्या समग्र शिक्षा अभियानात तो 300 झाला, दोनांचे 600. कापड, शिलाई, बटणे, कर, वाहतूक, सगळे त्यातच.

यात एक विचित्र गोष्ट घडली. भेद झाकण्यासाठी आणलेल्या गणवेशानेच भेद उघडा पाडला. एकाच बाकावरच्या दोन मुलांपैकी ज्याला शाळेतून कपडे मिळाले तो यादीतला, ज्याला मिळाले नाहीत तो यादीबाहेरचा. उरलेल्या मुलग्यांचा समावेश राज्याने स्वतःच्या पैशातून केला तो थेट 2023-24 मध्ये. त्याच वर्षी एक जोडी बूट आणि दोन जोड्या पायमोजेही जाहीर झाले, विद्यार्थ्यामागे 170 रुपयांत. या पैशात बूट किती टिकावू येणार, हे चांभाराला विचारायची गरज नाही.

खरेदीची जुनी पद्धत शाळा व्यवस्थापन समितीची. समितीत पाऊणशे टक्के पालक असतात. समितीच्या खात्यात रक्कम येते, दरपत्रके मागवली जातात, टेलर शाळेत येऊन माप घेतो. रक्कम उशिरा येते आणि दरपत्रके कधी कधी एकाच हाताने लिहिलेली असतात, हे या पद्धतीचे जुने रोग. पण शर्ट घट्ट झाला तर बदलून देणारा माणूस गावात असतो.

2017-18 च्या सुमारास पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात टाकायचे ठरले. 400 रुपयांसाठी मुलाचे आणि आईचे संयुक्त खाते काढायचे होते. काही बँका त्यासाठी किमान शिल्लक मागत, कुठे मजुरी बुडवून तालुक्याला खेपा घालाव्या लागत. शिवाय पालकांनी आधी पदरचे पैसे घालून कपडे घ्यायचे आणि पावती दाखवायची. ज्याच्याकडे ते पैसे नव्हते, त्याच्यासाठीच योजना होती! पुढे काम पुन्हा समित्यांकडे आले.

मग 2023 मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’. शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी घोषणा केली तेव्हा शाळा उघडायला थोडेच दिवस उरले होते आणि अनेक समित्यांनी कापड घेऊन टाकले होते. म्हणून तोडगा निघाला: एक गणवेश स्थानिक रंगाचा, दुसरा आकाशी शर्ट आणि गडद निळ्या पँटचा, तीन-तीन दिवस वाटून. 2024-25 साठी कापडाची खरेदी राज्य पातळीवर झाली. नियमित गणवेश महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांनी शिवायचा आणि दुसरा, स्काऊट-गाईडचा, समितीने गावात शिवून घ्यायचा. त्यासाठी मिळणार होते 110 रुपये: शिलाईचे 100, बाकी खर्चाचे 10. शर्टावर दोन खिसे आणि खांद्यावर पट्टी हवीच. शर्ट आणि पँट मिळून शंभर रुपयांत शिवायला टेलर राजी होईनात.

मोठी चूक मापाची होती. चाळीस लाखांहून अधिक मुलांचे कपडे इयत्तेनुसार सरासरी आकारात कापायचे ठरवले, की चौथीतला किरकोळ मुलगा शर्टात हरवतो आणि थोराड मुलीला काखेत काचते. टेलर माप घेताना छाती, कंबर, उंची पाहतोच, शिवाय पुढच्या वर्षासाठी पँटच्या तळाला दोन इंच दुमड सोडतो. आधीच कापून आलेल्या तुकड्यांत दुमडीला जागा उरत नाही. पावसाळा सरला तरी अनेक शाळांत मुले जुन्या किंवा रंगीत कपड्यांत होती. आले ते कपडे उसवलेले, ढगळ किंवा अपुरे असल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या. डिसेंबर 2024 मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि 2025-26 पासून खरेदी पुन्हा समित्यांकडे दिली.

रंग बदलण्याची घाई हा वेगळाच खर्च. कर्नाटकाच्या 1995 च्या नियमांत एकदा ठरवलेला गणवेश पाच वर्षे बदलता येत नाही आणि बदलायचा तर पालकांना वर्षभर आधी कळवावे लागते. हिजाबच्या वादामुळे गाजलेल्या त्या राज्याच्या नियमातले हे कलम फारसे कोणी वाचले नाही. (त्या वादावर 13 ऑक्टोबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले आणि प्रकरण योग्य पीठ नेमण्यासाठी सरन्यायाधीशांकडे गेले.) असा नियम महाराष्ट्रात असता, तर 2023 ची घोषणा निदान वर्षभर थांबली असती.

समित्यांकडे काम परत आले, तरी वेळेचे कोडे सुटलेले नाही. कपडे शाळेच्या पहिल्या दिवशी हवे असतील, तर माप एप्रिलमध्ये, सुट्टी लागण्याआधी घ्यावे लागते आणि कापडाचा पैसा मे महिन्यात लागतो. दुसरी ते आठवीचे हे जमवता येईल. पहिलीची मुले मात्र दाखल होतात जूनमध्ये, म्हणजे त्यांचे माप शाळा उघडल्यावरच. पहिल्या दिवशी गुलाब देऊन ज्यांचे स्वागत होते, त्यांच्याच अंगावर त्या दिवशी गणवेश नसतो.