सिक्लिड पाळायचे तर आधी नळाचं पाणी तपासा

फिश टँक घ्यायला निघालेला माणूस सहसा आधी मासा पसंत करतो, मग टँक घेतो आणि पाण्याचा विचार अगदी शेवटी करतो. सिक्लिड या माशांच्या कुळाच्या बाबतीत हा क्रम उलटा हवा, असं माझं ठाम मत आहे. पिल्लं काढायची असतील तर दुसरा इलाजच नाही.

या कुळात आजवर नोंदलेल्या जाती १,७०० च्या आसपास आहेत आणि त्या अगदी वेगवेगळ्या पाण्यांत घडल्या. अॅमेझॉन खोऱ्यातला डिस्कस मऊ, आम्लधर्मी पाण्यातला. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराचा पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा; ७ च्या वर अल्कधर्मी) मात्र ९ च्या जवळ जातो. मलावी सरोवराचं पाणीही अल्कधर्मीच. गोव्यात आवडीने खातात तो कालुंदरही सिक्लिडच, पण निमखाऱ्या पाण्यातला.

आता आपल्या इंदूरचं पाणी पाहू. इथे १९७८ पासून जलूदहून नर्मदेचं पाणी चढवून आणतात. बऱ्याच घरांत जोडीला बोअरिंग असतं आणि दोन्ही पाणी गच्चीवरच्या एकाच टाकीत जातं. काळ्या पाषाणाच्या भेगांतून आलेलं बोअरिंगचं पाणी बहुधा जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेलं असतं. म्हणून दोन्ही पाणी वेगवेगळं तपासावं. टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो सगळ्या क्षारांचा ढोबळ अंदाज देतो, पाणी किती जड ते कळत नाही. त्यासाठी थेंब टाकून रंग पाहायची किट मिळते. पाणी जड निघालं तर मलावीचे मासे आणा, मध्यम निघालं तर एंजलफिश. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला थायोसल्फेटचे थेंब वापरावेत.

जड, अल्कधर्मी पाण्याचा एक धोका मात्र नीट समजून घ्यायला हवा. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो; पीएच ८.५ झाला की तोच वाटा १५ टक्क्यांवर जातो. म्हणजे तेवढीच घाण मलावीच्या टँकमध्ये कितीतरी पट घातक ठरते. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे आणू नयेत. दुकानदार कितीही आग्रह करो.

चार फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद-उंच टँकमध्ये सुमारे २५० लिटर पाणी मावतं. काच, दगड, वाळू धरून वजन ३०० किलोंच्या पुढे जातं, तेव्हा टँक भिंतीलगत, तुळईच्या जवळ ठेवावा. दगड आधी तळाशी थर्माकोलवर बसवावेत, वाळू मागाहून. हे मासे वाळू उकरतात. वाळूवर ठेवलेला दगड घसरला की काच गेलीच. इंदूरच्या थंडीत हीटर लागतो, आणि वैशाखात पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन घटतो. वीज गेल्यावर चालेल असा बॅटरीचा एअर पंप घरात हवाच.

आता पिल्लांविषयी. एंजलफिशमध्ये नर-मादी वरून ओळखू येत नाहीत. सहा लहान मासे एकत्र वाढवावेत. जोडी ते आपसूक जमवतात. मग ती जोडी वेगळी करून टँकमध्ये पाटीचा एक तुकडा तिरका टेकवून ठेवावा. मादी त्यावर ओळीने अंडी चिकटवते, दोघं परांनी वारा घालतात आणि पांढरी पडलेली अंडी तोंडाने वेचून काढतात.

मलावीच्या माशांची तऱ्हा याहून विलक्षण. मादी अंडी घालते आणि लगेच वळून ती तोंडात घेते. नराच्या पोटाखालच्या मागच्या परावर पिवळे, अंड्यासारखे ठिपके असतात. तो पर पसरून थरथरतो, मादी त्या ठिपक्यांपाशी तोंड नेते आणि शुक्रजल तिच्या तोंडात शिरतं. फलन तिथेच होतं. पुढचे सुमारे तीन आठवडे ती जवळजवळ काहीच खात नाही. हनुवटी फुगलेली दिसते, आतल्या पिल्लांची हालचालही जाणवते. या काळात तिला जाळीने धसमुसळेपणाने पकडलं तर ती पिल्लं बाहेर टाकते. शेवटच्या आठवड्यात, दिवे मालवल्यावर हळूच उचलून लहान टँकमध्ये सोडावी. तिथे स्पंज फिल्टरच हवा. तो पिल्लं ओढून घेत नाही. एका नरामागे तीन-चार माद्या ठेवल्या तर नराचा त्रास एकीलाच होत नाही.

मलावीच्या जवळच्या जाती एका टँकमध्ये ठेवल्या तर त्यांचा सहज संकर होतो आणि पिल्लांची जात सांगता येत नाही. पिल्लं काढायची तर एका टँकमध्ये एकच जात, याला माझ्या मते पर्याय नाही. विक्रीच्या मोहापायी नावं ठोकून अशी पिल्लं देणं चुकीचंच.

पिल्लं जास्त झाली तर ती इंदूरच्या सिरपूर किंवा बिलावली तलावात कधीही सोडू नका. आफ्रिकेतून आणलेला तिलापिया हाही सिक्लिडच, आणि आज तो भारतातल्या कितीतरी जलाशयांत देशी माशांच्या जागा बळकावून बसला आहे. सिरपूर तलाव तर २०२२ पासून रामसर पाणथळ, म्हणजे रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. जागा अपुरी पडली तर दुसऱ्या पाळणाऱ्याला पिल्लं द्या, दुकानदाराला विचारा, आणि तेही जमत नसेल तर नर-मादी वेगळे ठेवा.