महासाथीतील प्रेमपट

साथीच्या रोगाने गाव, शहर किंवा अवघे जग वेढलेले असताना दोन जिवांच्या नात्याचे काय होते, हे सांगणारा चित्रपटाचा प्रकार. एरवीच्या प्रेमकथेत घरचे, जात, पैसा आडवे येतात. इथे जवळ जाणेच जिवावर बेतू शकते. ज्याचा हात धरावासा वाटतो, त्याच्याच श्वासाची धास्ती असते. त्यामुळे उंबऱ्याबाहेर ठेवलेला डबा, उशाशी भरून ठेवलेला तांब्या किंवा खिडकीतून केलेली खूण यांना अशा चित्रपटात प्रेमप्रसंगाचे मोल येते.

महाराष्ट्राने अशा साथी पुष्कळ सोसल्या. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे गावेच्या गावे घरे सोडून माळावर राहायला गेली. 1918 च्या इन्फ्लुएंझाला तर लोकांनी ‘मानमोडी’ असे नावच देऊन टाकले.

सोलापुरात या प्रकाराचा विचार करायचा तर सुरुवात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांपासून करावी लागते. त्यांचा जन्म 1910 चा, सोलापूरचाच. 1938 मध्ये भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते. युद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर उपचार करताना परिचारिका क्वो चिंगलान यांच्याशी त्यांची ओळख झाली आणि 1941 मध्ये दोघांनी लग्न केले. मुलाचे नाव यिनहुआ ठेवले. त्यातला ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. बाळ काही महिन्यांचे असतानाच, 9 डिसेंबर 1942 रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय अवघे 32.

व्ही. शांताराम यांनी 1946 मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला. कोटणीसांची भूमिका त्यांनी स्वतः केली, नायिका जयश्री होत्या, संगीत वसंत देसाई यांचे. पडद्यावरचा कोटणीस प्लेगच्या साथीशी झुंजतो आणि शेवटी त्याच रोगाने जातो. इतिहासाशी ही फारकत आहे, हे स्पष्ट सांगायला हवे. तरीही पटकथेला साथ का हवीशी वाटली असेल, ते उमगते. अपस्मार एकट्याने भोगायचा आजार. साथ मात्र नवरा-बायकोच्या मधोमध येऊन उभी राहते. चित्रपटातला सर्वांत हळवा भाग शेवटी येतो. मरणाच्या दारातला कोटणीस बायकोला सांगत असतो, तू माझ्या घरी जाशील तेव्हा वाटेत तुला काय काय दिसेल. आणि त्याच्या शब्दांमागोमाग पडद्यावर ती वाट, ते घर दिसत जाते. तो स्वतः त्या वाटेने कधीच परतणार नसतो. सोलापूरच्या माणसाला हे दृश्य परके वाटूच शकत नाही. प्रत्यक्षातल्या चिंगलानबाई पुढे भारतात येऊन सासरच्या माणसांना भेटल्या. आज शहरात कोटणीसांचे स्मारक आहे.

कोविडच्या काळात हा प्रकार पुन्हा जागा झाला, तोही बहुधा लघुपटांतून. माणसे मोजकी, जागा एकच, चेहरा मास्कआड. नटाच्या हाती डोळे आणि आवाज एवढेच उरतात. सोलापूर जिल्ह्यातल्या दोन कलावंतांचा यात सहभाग आहे. डिसेंबर 2020 मध्ये आलेल्या ‘अनपॉज्ड’ या लघुपटमालिकेत अकलूजच्या रिंकू राजगुरू आहेत. त्यांच्या कथेत एक तरुणी आणि शेजारची वयस्क बाई यांच्यात माया जुळते. 2022 मधल्या दुसऱ्या संचात करमाळा तालुक्यातील जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा ‘वैकुंठ’ आहे, दुसऱ्या लाटेत स्मशानात राबणाऱ्या माणसाचा. रूढ अर्थाने दोन्ही प्रेमपट नव्हेत. पण जिवलगाजवळ जाता न येण्याची तगमग ‘वैकुंठ’मध्ये जितकी जाणवते, तितकी कितीतरी प्रेमकथांत सापडणार नाही.

खुद्द सोलापूर शहरात अशा कथेचा ऐवज विपुल आहे आणि तो पडद्यावर यायला हवा. टाळेबंदीत पूर्व भागातल्या यंत्रमागांचा खडखडाट थांबला, विडी कामगार बायकांच्या सुपातली पाने तशीच राहिली. एप्रिल 2021 मधल्या निर्बंधांत लग्न दोन तासांत आणि पंचवीस माणसांत उरकायचे होते. एरवी जिथे वऱ्हाडच शेकड्यांनी येते, तिथे पंचविसांत कोणाला धरायचे आणि कोणाला वगळायचे, यावरून घराघरांत डोळे पाणावले.

याच शहरातली सर्वांत जुनी प्रेमकथा सिद्धेश्वर यात्रेची. कुंभारकन्येने सोलापूरचे ग्रामदैवत असलेल्या सिद्धरामेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करायला सांगितले, अशी आख्यायिका आहे. दर जानेवारीत संमती कट्ट्यावर तो विवाह लागतो. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, घेऊन उभे असतात, ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ म्हटले की लाखो हातांतून अक्षता पडतात. जानेवारी 2021 मध्ये तो मोजक्या मानकऱ्यांतच पार पडला, आणि बाकीच्या सोलापूरकरांनी घरीच थांबून हात जोडले.