डांगर रात्रीतून का उलतं?

नाशिकच्या आमच्या परसात डांगराचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, एक वेल आहे. ऑक्टोबरात दहा-बारा दिवस त्याला पाणी घालायला कुणाला सवड झाली नाही. मग एका संध्याकाळी परतीच्या पावसानं तासभर झोडपलं. सकाळी बघतो तर सगळ्यात मोठं डांगर देठापासून खालपर्यंत उललेलं, भेगेत केशरी गर आणि मुंग्यांची रांग.

द्राक्षवाल्यांना यात नवल वाटणार नाही. अवकाळी पावसात काढणीला आलेले मणी असेच तडकतात. फरक एवढाच, की मणी सालीतूनही पाणी ओढून घेतो. डांगर पितं ते मुख्यतः मुळांनी.

गरात सुमारे ९० टक्के पाणीच असतं. पेशींमधली साखर आणि क्षार आणखी पाणी खेचतात, पेशी फुगतात आणि सालीला आतून रेटतात. साल कोवळी असेल तर ताणली जाते. पण पाणी कमी पडलं की फळाची वाढ मंदावते, साल मात्र निबर होत राहते. त्यानंतर एकदम पाणी मिळालं, की गर फुगतो आणि साल हटून बसते. रात्री पानांची छिद्रं मिटलेली असतात, वाफ बाहेर जात नाही, मुळं मात्र पाणी चढवत राहतात. त्यामुळे फळातला दाब रात्रीच वाढतो. म्हणजे पाऊस निमित्त झाला. खरी चूक आधीच्या कोरड्या दहा दिवसांची, म्हणजे आमचीच.

आपली काळी माती वाळली की भेगाळते, आणि मग घातलेलं पाणी भेगांतून सरळ खाली जातं. म्हणून आळ्यात चार बोटं जाडीचा पालापाचोळा पसरावा. मातीत बोट खुपसून बघावं, दोन इंचांवर कोरडं लागलं तर पाणी द्यावं. खाडा पडलाच, तर एकदम आळं तुडुंब भरू नये; दोन-तीन दिवसांत थोडंथोडं द्यावं. फळ धरल्यावर युरिया बंद. फळ उलू नये म्हणून कॅल्शियमसाठी काहीजण आळ्यात अंड्याची टरफलं घालतात, त्यांवर माझा फारसा भरवसा नाही: पेशींच्या भिंती घट्ट करणारं कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं, पाणीच अनियमित असेल तर मातीत असूनही ते फळापर्यंत पोचत नाही.

सालीत नख रुतेनासं झालं, देठ वाळला, की फळ तयार. अशा वेळी आभाळ भरून आलं तर दोन-तीन इंच देठ ठेवून ते उतरवून घ्यावं.

आमच्या उललेल्या डांगराची मुंग्यांची बाजू टाकून उरलेल्याचे त्याच दिवशी घारगे केले. शेजारच्या लहान फळालाही बोटभर चीर पडली होती, पण वरवरची. पुढे ऊन पडलं आणि तिच्यावर बुचासारखी तपकिरी खपली धरली. ते अजून वेलावरच आहे.