भुसा, राख आणि रंगाचं पाणी: पार्श्वभूमी

कोळशाने द्रावणाचा रंग उतरतो हे १७८५ मध्येच नोंदलं गेलं होतं. एकोणिसाव्या शतकात साखर शुभ्र करायला हाडांचा कोळसा वापरात आला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सक्रिय कोळसा, म्हणजे रंग धरण्यासाठी बारीक छिद्रं पाडलेला कोळसा, कारखान्यात तयार होऊ लागला. कापड रंगवणाऱ्यांच्या सांडपाण्याचा प्रश्न मात्र खऱ्या अर्थाने चिघळला तो १९५६ नंतर. त्या वर्षी सुती धाग्याशी थेट रासायनिक बंध जोडणारे रिॲक्टिव्ह रंग बाजारात आले. शेड चटकदार, धुण्यात पक्की, त्यामुळे सुती कापडाचा मोठा धंदा हळूहळू याच रंगांकडे वळला. पण यातला दहा टक्क्यांपासून गडद शेडला तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत रंग धाग्याला न बसता पाण्याशीच बंध जोडतो आणि नाल्यात जातो. असा रंग पुन्हा वापरता येत नाही. तो पाण्यात सहज विरघळलेला असतो, त्यामुळे तळाशी बसत नाही. जिवाणूंच्या टाकीतूनही बराचसा तसाच पुढे निघतो.

सक्रिय कोळसा हा रंग धरतो, पण तो महाग आणि वापरून झाला की पुन्हा ताजा करायला भट्टी लागते. म्हणून शोध सुरू झाला तो आसपास पडून असलेल्या वस्तूंचा. १९७६ मध्ये बेलफास्टहून पीट (दलदलीतली अर्धवट कुजलेली वनस्पतिमाती) आणि लाकडाच्या भुशावर रंग शोषून घेण्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले, तेव्हापासून हे स्वतंत्र क्षेत्र मानता येतं. त्या प्रयोगांतला रंग ॲसिड गटातला होता, म्हणजे ऋणभारित. पुढच्या गोष्टीसाठी हा तपशील महत्त्वाचा आहे.

भारतात खरी लाट आली नव्वदच्या दशकात. कोइम्बतूरला काथ्याचा भुसा, संत्र्याची साल, बायोगॅसमधून निघालेली स्लरी, इतकंच काय ॲल्युमिना कारखान्यांतला लाल गाळही तपासला गेला. रुरकीला साखर कारखान्यांच्या बॉयलरमधली बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, राख. पुढे भाताचं तूस, कडुनिंबाचा पाला, शिसवीचा भुसा, केळीची साल. २००० नंतर तर शेतातली, कारखान्यातली क्वचितच एखादी टाकाऊ वस्तू शिल्लक राहिली असेल जिच्यावर निबंध निघाला नाही.

आणि इथेच एक निवड आडवी आली. यातल्या बहुसंख्य प्रयोगांत चाचणीसाठी मेथिलीन ब्लू हा निळा रंग वापरला गेला. त्याची कारणं समजण्यासारखी आहेत. तो स्वस्त, शुद्ध मिळतो, ६६४ नॅनोमीटरच्या आसपास त्याचं प्रकाश शोषण्याचं शिखर इतकं स्पष्ट असतं की साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (शोषलेला प्रकाश मोजणाऱ्या उपकरणावर) दहा मिनिटांत मोजमाप होतं. सक्रिय कोळशाचा दर्जा ठरवायलाही तो पूर्वीपासून वापरात होताच, त्यामुळे एकाचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांशी ताडून पाहता येतात. बाजू घेणारे आजही हेच सांगतात: निदान एक सामाईक मोजपट्टी तरी आहे.

पण ही मोजपट्टी सुती कापडाच्या पाण्याची नाही. मेथिलीन ब्लू धनभारित आहे. तूस, बगॅस, भुसा यांच्या पृष्ठभागावर सेल्युलोज-लिग्निनचे कार्बॉक्सिल गट असतात आणि साध्या पाण्यात ते ऋणभारित होतात. धन आणि ऋण एकमेकांना ओढणारच. नव्वद टक्क्यांहून जास्त रंग गेला, असे आकडे त्यामुळे सहज मिळाले. रिॲक्टिव्ह रंगांवर सल्फोनेट गट असतात, म्हणजे तेही ऋणभारित. तोच भुसा त्यांना जवळ येऊ देत नाही. मग सामू (pH) दोनपर्यंत खाली आणायचा, पृष्ठभाग धनभारित करायचा, आणि निबंधात लिहायचं की सामू दोनला सर्वोत्तम निकाल मिळाला.

प्रोसेस हाऊसच्या, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या, नाल्यात काय असतं ते पाहिलं की यातली अडचण कळते. रिॲक्टिव्ह रंग धाग्यावर बसवायला सोडा ॲश घालावा लागतो, म्हणून पाणी सामू दहा-अकराचं. रंग धाग्याकडे ढकलायला मीठ लागतं, गडद शेडला लिटरमागे पन्नास ते ऐंशी ग्रॅम. पाणी गरम, त्यात साबण आणि खळीचे अवशेष. हे सगळं पाणी सामू दोनवर आणायचं तर आधी टँकरभर ॲसिड ओतायचं, नंतर ते पुन्हा उदासीन करायचं, आणि दोन्ही वेळा क्षारच वाढवायचे. डिस्टिल्ड पाण्यात एकच रंग घालून केलेल्या प्रयोगात यातलं काहीच दिसत नाही. बेलफास्टच्या पहिल्या निबंधांत निदान रंगाची जात कारखान्याच्या जवळची होती. नंतरच्या सोप्या वाटेने ती सुटली, आणि या क्षेत्राची किमान दोन दशकं त्यात गेली असं माझं स्पष्ट मत आहे. बगॅसवर अमोनियमचे गट बसवून तो धनभारित करण्याचे प्रयोगही झाले. ते रिॲक्टिव्ह रंग चांगले धरतात, पण मग तो फुकटचा भुसा राहत नाही.

दरम्यान कायदा पुढे सरकला. भारतीय मानकांत बराच काळ रंगाविषयी फक्त 'शक्य तितका काढावा' एवढंच होतं. कापड उद्योगासाठी १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एककांची (पाण्याचा रंग मोजायचं एकक) आकडेबद्ध मर्यादा २०१६ च्या सुधारित मानकांत आली. त्याआधीच तामिळनाडूतल्या तिरुप्पूर या कापडाच्या शहराने वेगळा रस्ता धरला होता. नोय्यल नदीचं पाणी शेतीच्या कामाचं उरलं नाही, ओरथुपालयम धरणात रंगीत खारट पाणी साठलं, शेतकरी न्यायालयात गेले. २००६ मध्ये एक थेंबही बाहेर न सोडण्याचा आदेश झाला आणि तो पाळला गेला नाही म्हणून जानेवारी २०११ मध्ये शेकडो डाइंग युनिटं बंद करण्यात आली. खरा कळीचा मुद्दा तिथे क्षारांचा होता: मर्यादा लिटरला २१०० मिलिग्रॅम. शोषक रंग धरेल, पण मीठ धरणार नाही. म्हणून गुंतवणूक पाण्यातलं मीठ वेगळं करणाऱ्या आरओ आणि बाष्पीभवनाच्या यंत्रांकडे गेली आणि भुशाला जागा उरली ती फार तर आरओच्या आधीची.

महाराष्ट्रात इचलकरंजी आणि सोलापूर ही दोन्ही कापडाची गावं साखरपट्ट्यात आहेत, म्हणून बगॅसची कल्पना इथे कायम आकर्षक वाटत आली. फक्त बगॅस आता टाकाऊ राहिलेला नाही. सहवीजनिर्मिती सुरू झाल्यापासून कारखाने तो जपून ठेवतात, कागद गिरण्याही मागतात. तुसालाही बॉयलरवाल्यांचा भाव आहे. औष्णिक केंद्रांची राख १९९९ च्या अधिसूचनेनंतर विटा आणि सिमेंटकडे वळली. बगॅस जाळून उरणारी राख मात्र अजून कारखान्यांच्या आवारात ढिगाने पडून असते, आणि तिच्यातल्या न जळलेल्या कार्बनमुळे ती कच्च्या चिपाडापेक्षा ऋणभारित रंग अधिक धरते.

वापरून झालेल्या शोषकाचं काय, हा प्रश्न निबंधांत शेवटच्या परिच्छेदात उरकला जातो. रंग पाण्यातून भुशात गेला एवढंच झालेलं असतं. तो ओला गाळ वाळवून बॉयलरमध्ये घातला तर धुरातून काय जातं ते तपासावं लागतं, आणि सांडपाणी प्रक्रियेतला रासायनिक गाळ घातक कचऱ्याच्या नियमांत बसत असल्याने तो शेताच्या बांधावर टाकता येत नाही. अलीकडे बायोचार (कमी हवेत जाळून केलेला वनस्पतींचा कोळसा), शोषक भरलेल्या स्तंभातून पाणी सोडून केलेल्या चाचण्या आणि कारखान्यातलं खरं पाणी घेऊन केलेलं काम वाढतं आहे. त्यात एका किलो शोषकाने किती लिटर पाणी साफ झालं आणि तो किती वेळा पुन्हा वापरता आला, हे दोन आकडे दिले जाऊ लागले आहेत. प्रोसेस हाऊसचा मालक सगळ्यात आधी तेच दोन विचारतो.